काज-मशीनची जकात

मेलिसच्या बापाने मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन या चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून पोराचं नाव ठेवलं होतं, आणि पोरगा मोठा होऊन ताशबेलच्या कस्टमच्या गोदामात जकात गोळा करायला बसला. पहिल्या तिघांना हे मुळीच आवडलं नसतं, असं उमसुनाईचं मत होतं. चौथ्याचं तिला सांगता येत नव्हतं.

एका आठवड्यात ती चौथ्यांदा त्याच्या टेबलासमोर बसली होती. बाहेर अंगणात तिचा माल पडला होता. शिलाईची बारा जुनी मशीनं, लाकडी खोक्यांत ठोकलेली, कोरियातून निघून चीन पार करून आणि घाट उतरून आलेली. तिची धाकटी बहीण कोरियात ज्या कारखान्यात शिवायला होती तो कारखाना बंद पडला. मालकाने शेवटच्या चार महिन्यांच्या पगाराऐवजी बहिणीच्या गळ्यात मशीनं मारली, आणि बहिणीने ती उमसुनाईच्या. आठ साधी, कापडाच्या कडा बांधणारी तीन ओव्हरलॉक आणि एक काज-मशीन.

खरा जीव होता तो त्या एका काज-मशीनमध्ये. गावातल्या शाळेच्या हेडबाईंनी तीनशे शर्टांची ऑर्डर दिली होती, पहिल्या सप्टेंबरला शाळा उघडायच्या आत. शर्टाला सात बटणं, म्हणजे एकवीसशे काजं. हाताने एक काज घालायला दहा मिनिटं लागतात, तीही डोळे चांगले असतील तर. शर्ट वेळेत झाले नाहीत तर ऑर्डर राजधानीला, बिश्केकला जाणार, हे हेडबाईंनी गोड आवाजात दोनदा सांगितलं होतं. उमसुनाईच्या भरवशावर पाच बाया हातातली कामं सोडून बसल्या होत्या. आज ऑगस्टची नऊ तारीख होती.

"एजे, मी परत समजावतो," मेलिस म्हणाला. तो पन्नाशीचा, ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणे. "आधी मशीनची किंमत. त्यात वाहतूक मिळवायची. त्या बेरजेवर ड्यूटी. मग किंमत, वाहतूक आणि ड्यूटी, सगळ्याची बेरीज करायची, तिच्यावर व्हॅट."

"म्हणजे ड्यूटीवरसुद्धा व्हॅट?"

"हो."

"करावर कर?"

"असं म्हणायचं नसतं, एजे. त्याला करपात्र मूल्य म्हणतात."

"आणि मी शर्ट शिवून विकले की?"

"तो विक्रीकर. तो माझ्याकडे नाही, शेजारच्या इमारतीत."

"बरं. कोरियातल्या त्या मालकाने ही मशीनं नवी घेतली तेव्हा त्यानेही कर भरला असेल?"

"भरलाच असणार."

"म्हणजे ही मशीनं जन्मभर कर भरतायत. मग त्यांना अजून पेन्शन कशी नाही लागली?"

मेलिसने टेबलावरची जाड यादी तिच्याकडे वळवली. भांडण सगळं या यादीवरून होतं. बहिणीने बिलावर जी किंमत लिहिली होती, म्हणजे चार महिन्यांचा पगार, ती मेलिसला मान्य नव्हती. यादीत प्रत्येक जातीच्या मशीनची एक किंमत छापलेली होती. ती कोऱ्या मशीनची होती, पण जुन्यासाठी यादीत रकानाच नव्हता.

"मशीनं जुनी आहेत हो," उमसुनाई म्हणाली. "खोकं उघडून बघा तरी."

"सगळे असंच सांगतात. गेल्या महिन्यात एकाने कोरी मोटार आणली. कागदावर लिहिलं होतं, जुने सुटे भाग. चारही चाकं लावलेले सुटे भाग!"

"मी त्याची कोण लागते?"

"तुम्ही आयात करणाऱ्या आहात, एजे. आयात करणारे खोटं बोलतात. त्यात वैयक्तिक काही नाही."

आकडा दोन लाख दहा हजार सोम होता. उमसुनाईजवळ साठ हजार होते, तेही दोन कालवडी विकून आलेले. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हा माणूस पैसे खात नव्हता. खाणारा असता तर पहिल्याच दिवशी काम उरकलं असतं आणि त्याला तिने सात पिढ्यांचा आशीर्वादही दिला असता. पहिल्या खेपेला तिने नेलेल्या कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांतला एक त्याने उचलला, खाल्ला, आभार मानले आणि पिशवी तिच्या हातात परत दिली. असल्या माणसाचं करायचं काय?

तिने काकाला फोन केला.

ओरोझाली तिच्या बापाचा धाकटा भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कुळातल्या नऊ पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. आपल्या बायकोचा वाढदिवस मात्र त्याला कधी आठवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौदा किलोमीटर घोड्यावरून आला, घोडा गोदामाच्या कुंपणाला बांधला, डोक्यावरची उंच पांढरी टोपी नीट केली, काखेत घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमीसची बाटली मारली आणि थेट मेलिसच्या खोलीत शिरला. टेबल, शिक्का, यादी, कशाकडेही त्याने पाहिलं नाही.

"तू कुणाचा पोरगा?" त्याने विचारलं.

आमच्याकडे हा प्रश्न म्हाताऱ्याने विचारला की उत्तर द्यावंच लागतं, मग समोरचा निरीक्षक असो की मंत्री. मेलिस खुर्चीतून उठला, हात छातीशी धरले आणि बापापासून सुरुवात करून सात पूर्वज धडाधड सांगून टाकले. ओरोझालीने डोळे मिटले. ओठ हलत होते. तो मेलिसच्या सात पूर्वजांतून वर चढत गेला, आपल्या नऊंतून वर चढत गेला, पण दोन्ही शिड्या कुठे एकमेकींना लागेनात.

"नाही," तो हळहळत म्हणाला. "तुझे लोक वेगळे."

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण नातं लागलं नाही तर ओरोझालीला अन्न गोड लागत नसे.

"आई कुणाची?" त्याने विचारलं.

"आई कुमुश. बेकतुरची मुलगी, आकतालच्या बाजूची."

"बेकतुर? लंगडा बेकतुर? काराबुराचा नातू?"

"हो, लंगडत होते आजोबा."

ओरोझालीने टेबलाला वळसा घातला आणि मेलिसला अशी मिठी मारली की टेबलावरचा शिक्का खाली पडला. "अरे, काराबुरा माझ्या पणजोबाचा सख्खा भाऊ! भुकेच्या वर्षी ते लोक घाट ओलांडून गेले ते गेलेच. म्हणजे तुझी आई आमची मुलगी आहे! तू आमचा भाचा आहेस, मेलिस!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मेलिसच्याही आलं. उमसुनाईच्या तर आलंच, कारण तिला वाटलं, सुटलो. आता दोन लाख दहा हजार गेले खड्ड्यात. नात्यातल्या माणसाकडून कोण असली जकात घेतो?

मग म्हाताऱ्याने शेवटी काय शब्द उच्चारला ते तिच्या डोक्यात शिरलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. भाचा!

मेलिस पुतण्या निघाला असता तर चाललं असतं. व्याही चालला असता, चुलत जावई पळाला असता. पण भाचा म्हणजे घरच्या लेकीचा पोर, आणि आमच्याकडे अशा भाच्याला आजोळात मोकळं रान असतं. तो आजोळच्या माणसांच्या ज्या वस्तूवर बोट ठेवील ती त्याची. बाकी काय हवं ते नाकारता येतं, भाच्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलेल्या एका मामाच्या चाळीस मेंढ्या हगवणीने मेल्या, ही गोष्ट उमसुनाईने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की त्या मेंढ्यांचे चेहरेसुद्धा तिला पाठ झाले होते.

"भाच्या," ती सावधपणे म्हणाली. आता तुम्हीबिम्ही संपलं होतं. "ड्यूटीचं काय मग?"

"ड्यूटी सरकारची, मावशी," मेलिस डोळे पुसत म्हणाला; आजोळची थोरली बाई आमच्याकडे मावशीच, पिढी कुठलीही असो. "ती माझी असती तर आत्ता फाडून टाकली असती. पण आईला फोन लावतो. तिला फार बरं वाटेल."

कुमुश ऐंशी वर्षांची होती आणि तिला ऐकू कमी येत होतं. म्हणून मेलिसने फोन स्पीकरवर टाकला, आणि फोनमधली म्हातारी जणू घाटापलीकडून हाका मारत असल्यासारखी ओरडू लागली.

"कोण? माहेरचे? अजून जिवंत आहेत?"

"आहोत, ताई!" ओरोझाली ओरडला. "मी ओरोझाली! काराबुराच्या भावाचा पणतू!"

"मग साठ वर्षं कुठे मेला होतात? माझ्या लग्नात तुमच्याकडून काय आलं ठाऊक आहे? एक घोंगडी आणि एक रडका चुलता! घोंगडीला कसर लागली होती!"

ओरोझालीने टोपी काढून परत घातली.

"मेलिस," म्हातारीने विचारलं, "तू भाचा म्हणून काही मागितलंस की नाही?"

"आई, मी ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीवर असलास की तू माझा मुलगा नसतोस? आजोळची माणसं पहिल्यांदा भेटली आणि हात हलवत घरी आलास तर दार उघडणार नाही. काय आहे त्यांच्याजवळ आत्ता?"

"शिलाई मशीनं आहेत. ती माझ्या ताब्यात—"

"काज-मशीन आहे का त्यात?"

मेलिस गप्प राहिला, पण प्रामाणिक माणसाला गप्प राहणंही धड जमत नाही.

"आहे, म्हणजे आहे!" म्हातारी म्हणाली. "तुझी बायको दोन वर्षं काज-मशीन काज-मशीन करून माझं डोकं खातेय. ते घे. बोट ठेव त्याच्यावर आणि मला सांग."

"घे, भाच्या, घे!" ओरोझाली दोन्ही हात पसरून म्हणाला. "एकच काय, दोन घे!"

स्वतःच्या गोठ्यातलं काही जाणार नसलं की हा माणूस राजाहून उदार व्हायचा. उमसुनाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आकडा परत एकावर आणला.

ती बाहेर अंगणात गेली. काज-मशीनच्या खोक्यावर बसली. तिला रडायला आलं आणि ती रडली, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. एकवीसशे काजं. पाच बाया. त्यातल्या एकीने शाळेच्या स्वयंपाकघरातली कायमची नोकरी सोडली होती, उमसुनाईच्या शब्दावर. नाही म्हणायचं तर म्हाताऱ्याने जन्मभर तोंड दाखवू दिलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्याच तोंडून ते निघालं नसतं. भाच्याला नाही कसं म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तिला राग आला. राग आल्यावर तिचं डोकं नेहमी बरं चालायचं. ती डोळे पुसून आत आली.

"घे ते मशीन, भाच्या. लखलाभ होवो. पण त्याची जकात मी भरायची का?"

"म्हणजे?"

"मशीन अजून कस्टमच्या ताब्यात आहे. देशात आलेलंच नाही. मी पैसे भरून सोडवायचं आणि तू न्यायचं? भाचा आजोळचा घोडा नेतो तेव्हा त्याच्या वाटेवरचा चारा मामाकडून मागतो का?"

हे तिने निव्वळ चिडून विचारलं होतं, मनात दुसरं काही नव्हतं. पण मेलिसला ते लागलं. तो लाल झाला. "बरोबर आहे, मावशी. माझं मशीन, माझी जकात," म्हणाला आणि त्याने कोरा फॉर्म ओढला. आयात करणाऱ्याचं नाव: मेलिस. वस्तू: काज-मशीन, एक नग. यादी उघडली, बोट फिरवलं, किंमत लिहिली. वाहतूक मिळवली. ड्यूटी काढली. बेरीज केली, व्हॅट काढला. खाली आकडा आला अठ्ठेचाळीस हजार सोम.

त्याने बेरीज परत केली. आकडा तोच आला. त्याचा पगार अडतीस हजार होता. त्याने यादीचं पान उलटून मागे काही लिहिलंय का पाहिलं.

"करपात्र मूल्य," उमसुनाई म्हणाली.

मेलिस उठला. ड्रॉवरमधून पकड काढली, अंगणात गेला आणि त्या खोक्याच्या फळ्या उचकटल्या. आठवडाभरात एकही खोकं त्याने उघडलं नव्हतं. आता तो गुडघ्यांवर बसला, मशीनचं झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं. पट्टीवरचं साल बोटाने पुसून वाचलं. सुईचा दांडा हलवला. तो गावच्या दारुड्यासारखा डोलला.

"हे तर भंगार आहे!" तो ओरडला.

"मी चार दिवस काय सांगत होते?"

"पस्तीस वर्षांचं आहे! आत गंज आहे! सुटे भाग मिळणार नाहीत याचे! याची यादीतली किंमत लावायची? हा शुद्ध अन्याय आहे, मावशी!"

"आयात करणारे खोटं बोलतात, भाच्या. त्यात वैयक्तिक काही नाही."

मेलिसने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मग खोलीत जाऊन त्याने नियमांचं पुस्तक काढलं. प्रत्यक्ष तपासणीचं कलम त्यात होतंच. आजवर ते लागलं नव्हतं, कारण त्याने उघडलं नव्हतं. त्याने चार फोटो काढले, अहवाल लिहिला आणि आपलंच मशीन आपणच तपासलं असा बोल नको म्हणून सगळं बिश्केकला वरिष्ठांकडे पाठवलं. पाऊण तासात मंजुरी आली. खाली वरिष्ठांनी आपल्या मनाने एक ओळ जोडली होती: असलं घरी कशाला नेताय?

त्या पाऊण तासात ओरोझालीने कुमीसची अर्धी बाटली संपवली आणि उमसुनाईला पहिल्यांदाच सगळा हिशेब नीट समजला. कराचे टक्के कुणी बदलू शकत नाही. ते वर बिश्केकला ठरतात. पण टक्के कशाचे घ्यायचे, ते इथे ठरतं, वस्तूकडे कोण आणि कुठल्या नजरेने बघतो त्यावर.

"बाकीची अकरा त्याच कारखान्यातली," ती म्हणाली. "त्याच बिलावरची, त्याच सालची. भाच्याच्या मशीनला एक न्याय आणि मावशीच्या मशीनला दुसरा, असं कुठल्या कलमात आहे?"

असं कलम नव्हतं. मेलिसने एकेक खोकं उघडलं. संध्याकाळची उन्हं कलायला लागेपर्यंत तो अंगणात गुडघ्यांवर होता, आणि प्रत्येक खोक्यातून मान वर काढताना अधिकाधिक ओशाळलेला दिसत होता. अकरा मशीनांची जकात आणि व्हॅट मिळून अडतीस हजार झाले. उमसुनाईने तिथल्या तिथे भरले आणि पावती झग्याच्या आत छातीशी खोचली.

हे एवढं झाल्यावर तिने आनंदाने नाचायला हवं होतं. पण काज-मशीन मेलिसच्या मोटारीजवळ नेऊन ठेवलेलं होतं, आणि अकरा मशीनांवर तीनशे शर्ट झटपट शिवून झाले असते आणि एकाचंही बटण लागलं नसतं.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला मेलिसचा फोन वाजला. मेलिस हात धुवायला गेला होता. कुमुशचं नाव होतं. उमसुनाईने फोन उचलला.

"घेतलं का?" म्हातारी ओरडली.

"घेतलं, ताई! अभिनंदन!" उमसुनाई ओरडूनच, पण मधाच्या आवाजात म्हणाली, आणि टेबलावरचा अहवाल तिच्या हातात कसा आला ते तिचं तिलाच कळलं नाही. "तुमच्या माहेरून तुम्हाला काय आलं ते सरकारी कागदावर लिहिलंय. वाचून दाखवू?"

"वाच!"

"काज-मशीन, एक नग. वय पस्तीस वर्षं. आतून गंजलेलं. सुईचा दांडा निकामी होण्याच्या बेतात. सुटे भाग मिळत नाहीत. वजनावर विकण्यालायक भंगार."

"कुणी लिहिलंय हे?"

"तुमच्याच मुलाने. सही आहे, शिक्काही आहे. बिश्केकहून मंजूर होऊन आलंय."

"ओरोझालीला दे!"

उमसुनाईने फोन द्यायची गरज नव्हती. म्हातारीचा आवाज कुंपणापर्यंत जात होता. "साठ वर्षांपूर्वी कसर लागलेली घोंगडी! आणि आज भंगार! माझ्या पोराने पहिल्यांदा आजोळात हात पुढे केला आणि त्याच्या हातावर गंज ठेवलात? आमच्या गावात मी सांगणार काय? सुनेला काय दाखवू? तुम्ही लोक आहात तरी कोण?"

ओरोझाली उभा राहिला. लाल झाला, मग पांढरा पडला. नऊ पिढ्या त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या असाव्यात, कारण तो एकदम ताठ झाला. "ताई, हे आम्हाला ठाऊक नव्हतं," म्हणाला. "मशीन परत घेतो. आमचं कूळ भाच्याला भंगार देत नाही."

"मग काय देतं?"

तो उत्तर शोधत होता तेवढ्यात बाहेर कुंपणाला बांधलेला घोडा खिंकाळला. सकाळपासून उभा राहून त्याला तहान लागली असावी.

"हा आवाज कुणाचा?" कुमुशने विचारलं. दोन हातांवरचं माणूस ओरडलेलं तिला ऐकू येत नसे, हे मात्र आलं.

मेलिस ओले हात घेऊन दारात उभा होता. "आई, राहू दे," तो म्हणाला. "काही नको मला."

"तू गप्प बस," ओरोझाली म्हणाला. त्याला म्हणायचं होतं ते त्याने फोनला तोंड लावून म्हटलं. "घोडा आहे, ताई. तांबडा, सहा वर्षांचा. वाटीभर पाणी हातात घेऊन बसलीस तर थेंब सांडणार नाही अशी चाल. तो भाच्याचा."

घोड्यावर जकात नव्हती. तो इथेच जन्मला होता.

अंगणात ओरोझालीने घोड्याच्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं. मग पोटाचा पट्टा एक भोक आवळला आणि मेलिसला सांगू लागला. पाणी पाजताना शीळ घाल, तो शिळेशिवाय पीत नाही. कुत्र्यांना भीत नाही, पण फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला भितो. डाव्या खुराला पहिल्या बर्फाआधी तेल लाव. सांगता सांगता त्याचा आवाज बसला, आणि तो तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

उमसुनाई एक शब्द बोलली असती तर हे थांबलं असतं. थांबा अबाके, एवढंच काकाला म्हटलं असतं, मशीन परत मिळावं म्हणूनच अहवाल वाचला हे खरं सांगितलं असतं, आणि मशीन गेलं असतं. तिने तोंड उघडलं. तिला एकवीसशे काजं दिसली, आणि तिने ते मिटलं.

मेलिसने जायच्या आधी कागद बदलला, काज-मशीन परत तिच्या नावावर चढवलं, त्याच्या जकातीचे आठ हजार सातशे घेतले आणि पावती दिली. मोटार तिथेच ठेवून रिकिबीत पाय घालताना तो अवघडून म्हणाला, "मावशी, शर्ट विकल्यावर विक्रीकर विसरू नका. शेजारच्या इमारतीत. तिथे माझं कुणी नात्याचं नाही." मग घोडा निघाला, आणि कमरेपासून वर तो माणूस जागचा हललासुद्धा नाही, इतकी ती चाल मऊ होती. ओरोझालीने पाठ फिरवली.

मशीनं न्यायला ठरवलेल्या ट्रकमध्ये पुढे बसायला म्हातारा तयार होईना. तो मागे मशीनांत बसला, म्हणून उमसुनाईही मागेच बसली.

"हे करतं काय?" बऱ्याच वेळाने त्याने काज-मशीनकडे बोट दाखवून विचारलं.

"कापडाला भोक पाडतं, अबाके, आणि भोकाच्या कडा शिवतं. बटणासाठी."

ओरोझालीने आपल्या कोटाचं बटण काढलं, लावलं, परत काढलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो," म्हणाला, "पण भोक कुणीतरी पाडावं लागतं हे कधी डोक्यात आलं नाही."

"मी तुम्हाला घोडा घेऊन देईन. लगेच नाही, पण देईन."

"घोड्याचं बोलू नकोस. एवढंच सांग. त्या पोराने कागदावर लिहिलंय, भंगार आहे. खरं आहे ते?"

"खोटं आहे," उमसुनाई म्हणाली. "शेवटच्या दिवसापर्यंत रोज हजार काजं काढत होतं."

"मग ठीक," म्हातारा म्हणाला, आणि त्याने खरंच सुटकेचा श्वास टाकला. "भंगारापायी गेला असता तर मला सहन झालं नसतं."

उमसुनाईने खोक्याला घट्ट धरलं. तिने ते मशीन चालू असलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आठवडाभर ती मशीन जुनं आहे, टाकाऊ आहे म्हणून ओरडत होती, आणि आता घरापर्यंतचा अर्धा तास ती देवाला विनवत राहिली की माझं ते सगळं खोटं ठरू दे.

दारात पाचही बाया उभ्या होत्या. चहा नको, जेवण नको, आधी मशीन, असं ती म्हणाली. सगळ्यांनी मिळून ते उतरवलं, तेल घातलं, वायर लावली. तिने पायपट्टी दाबली. मशीन गुरगुरलं आणि गप्प झालं. तिने परत दाबली. नुसती गुरगुर. ओरोझाली अगदी जवळ येऊन उभा होता, टोपी हातात घेऊन. उमसुनाईने मशीनच्या कुशीत अशी एक बुक्की हाणली की कडेच्या दोन बाया मागे सरल्या, आणि सुई खाली गेली. खडखडाट झाला, कापड पुढे सरकलं, मागे सरकलं, पातं पडलं, आणि पांढऱ्या चिंधीवर एक काज उमटलं, सरळ, कडा भरलेलं.

बायांनी एकच गलका केला. ओरोझालीने चिंधी उचलली, खिडकीतल्या उजेडाशी धरली आणि त्या काजातून पलीकडे पाहिलं. मग त्यात करंगळीचं टोक घालून बघितलं. करंगळी नखापुढे जाईना.

"एवढ्याशा भोकातून गेला होय माझा घोडा," तो म्हणाला.

उमसुनाईला त्याच्याकडे पाहवेना. ती मशीनकडे बघत बसली. म्हाताऱ्याने चिंधी तिच्यापुढे परत ठेवली, स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला.

"अजून एक काढ," म्हणाला.